सबक, तकरार आणि सोबत : अभ्यासाच्या एका जुन्या रीतीचा इतिहास



शाळेत पहिल्या पाचांत येणारा आपल्या समाजातील मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयात पाऊल टाकते आणि पहिल्याच वर्षी गणितात किंवा भौतिकशास्त्रात गटांगळ्या खाऊ लागते, हा अनुभव आता कोणाला नवा राहिलेला नाही. अशा वेळी घरीदारी काय बोलले जाते तेही ठरलेलेच असते. वडील म्हणतात, पोराचे मन अभ्यासात नाही. शिक्षक म्हणतात, पाया कच्चा आहे. शेजारीपाजारी म्हणतात, घरात शिकलेले कोणी नाही, मग पोराने तरी काय करावे? यानंतर उपाय सुरू होतात. घरातील एक कोपरा मोकळा करून दिला जातो, दाराशी आलेल्या मित्रांना बाहेरूनच परत पाठवले जाते, आणि एकट्याने मान खाली घालून वाचत बसण्याचा हुकूम सुटतो. या हुकमामागे आईवडिलांची माया असते यात शंका नाही. परंतु उच्च विद्या माणसे आजवर कशी शिकत आली, याचा इतिहास चाळला तर हा उपाय दुखण्यावरचा आहे की दुखणे वाढवणारा, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. त्या इतिहासातील काही पाने आज आपल्यापुढे ठेवावयाची आहेत. पालकांनी ती वाचावीत आणि घरातील महाविद्यालयीन मुलामुलींनाही वाचावयास द्यावीत.

बगदाद शहरात तैग्रिस नदीच्या काठी मुस्तन्सिरिया नावाच्या मदरशाची इमारत आजही उभी आहे. खलिफा अल्-मुस्तन्सिर याने ती बांधविली आणि इ. स. १२३४ मध्ये तेथे अध्यापन सुरू झाले. फिक्हच्या चारही मजहबांचे शिक्षण तेथे एकाच आवारात मिळत असे. १२५८ मध्ये मंगोलांनी बगदादची राखरांगोळी केली, तरी ही संस्था तगून राहिली. पुढे १३२७ मध्ये सुप्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता तेथे जाऊन आला आणि वर्गाचे चित्र त्याने लिहून ठेवले. काळा पोशाख व पगडी घातलेला मुदर्रिस गंभीरपणे आसनावर बसलेला आहे आणि त्याच्या उजव्या व डाव्या बाजूला दोन माणसे बसलेली आहेत. मुदर्रिसाने जे सांगितले ते ही दोन माणसे पुन्हा सांगतात. त्यांना ‘मुईद’ म्हणत. मुईद म्हणजे पुन्हा सांगणारा.

वाचकहो, या मुईदाकडे जरा बारकाईने पाहा. आपल्या आजच्या महाविद्यालयात प्राध्यापक आहेत, प्रयोगशाळेत मदतनीस आहेत, कार्यालयात कारकून आहेत. पण मुईद कोठेही नाही. तो उस्ताद नव्हे आणि नवशिका शागिर्दही नव्हे. दोघांच्या मधल्या पायरीवरचा, चार इयत्ता पुढे गेलेला विद्यार्थी तो. उस्ताद उठून गेल्यावर ज्यांना सबक कळला नाही त्यांना घेऊन बसणे, त्यांच्याकडून तो वदवून घेणे आणि अडले तेथे उलगडून सांगणे हे त्याचे काम होते. त्यासाठी त्याला वक्फच्या उत्पन्नातून वेतन मिळे. म्हणजे ‘समजले नाही’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याची सोय ही त्या संस्थेत कोणाची मेहेरबानी नव्हती. तो एक रीतसर नेमलेला हुद्दा होता.

सुमारे आठशे वर्षांपूर्वी बुर्हानुद्दीन जरनूजी या विद्वानांनी विद्यार्थ्यांसाठी ‘तालीमुल मुतअल्लिम’ नावाचे एक छोटेसे पुस्तक लिहिले. विद्यार्थ्याने कसे शिकावे, एवढाच त्याचा विषय. शतकानुशतके ते मदरशांतून वाचले गेले. त्यातील एक सल्ला ऐकण्यासारखा आहे. कालचा सबक आज पाच वेळा म्हणावा, परवाचा चार वेळा, त्याच्या आदल्या दिवसाचा तीन वेळा, त्यापूर्वीचा दोन वेळा आणि त्याहीपूर्वीचा एक वेळा. हिशेब करून पाहा. प्रत्येक सबक लागोपाठ पाच दिवस विद्यार्थ्यासमोर परत येतो आणि एकूण पंधरा वेळा त्याच्या तोंडून जातो. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून पंधरा वेळा वाचणे निराळे आणि पाच दिवसांत वाटून पंधरा वेळा म्हणणे निराळे. नवशिक्याला सबक केवढा द्यावा, याचेही माप त्यांनी दिले आहे. दोनदा म्हटल्यावर ध्यानात राहील एवढाच.

पण जरनूजी एवढ्यावर थांबत नाहीत. नुसत्या उजळणीपेक्षा दुसऱ्या विद्यार्थ्याबरोबर केलेल्या चर्चेचे फळ ते कितीतरी मोठे मानतात. कारण चर्चेत उजळणी तर होतेच, शिवाय नवे काही हाती लागते. मात्र त्यांनी एक अटही घातली आहे. चर्चा शांतपणाने, न्यायबुद्धीने आणि खरे काय ते शोधण्यासाठी व्हावी. समोरच्याला चीत करण्यासाठी नव्हे. तापट व वाकड्या स्वभावाच्या माणसाशी चर्चेला बसूच नये, असेही ते बजावतात.

हिंदुस्थानातील मदरशांत ही रीत ‘तकरार’ या नावाने रुजली. दिवसाचे सबक संपले की संध्याकाळी विद्यार्थी घोळक्याने बसतात. त्यातील एक जण उस्तादांच्या थाटात तोच सबक पुन्हा सांगतो आणि बाकीचे त्याला अडवतात, विचारतात, चूक काढतात. तकरार या अरबी शब्दाचा मूळ अर्थ ‘पुनःपुन्हा करणे’ एवढाच. गंमत अशी की, हाच शब्द फिरत फिरत मराठीत आला आणि ‘तक्रार’ होऊन बसला. पुनःपुन्हा बोलणारा माणूस कुरकुरच करीत असणार, असे आपल्या पूर्वजांना वाटले असावे! असो.

दूर बगदादचेच उदाहरण कशाला हवे? लातूर-उदगीरकडील वाचकांना बिदर काही लांब नाही. बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान याने तेथे १४७२ मध्ये उभारलेला मदरसा दख्खनमधील एक नामांकित विद्यापीठच होता. तीन मजली इमारत, मधोमध प्रशस्त चौक, अध्यापनाची दालने, ग्रंथालय, मशीद, आणि भोवताली उस्ताद व विद्यार्थी यांच्या राहण्याच्या खोल्या. १६९६ मध्ये स्फोट होऊन तिचा बराच भाग कोसळला. तरीही ती रचना पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. शिकण्याची जागा आणि राहण्याची जागा त्या लोकांनी वेगळी मानली नव्हती.

या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाऊन थांबणे मात्र बरोबर होणार नाही. अर्थ न कळता केलेले पाठांतर, जुन्या टीकांवर लिहिलेल्या नव्या टीका, नव्या शास्त्रांकडे फिरवलेली पाठ, हे सारे दोष तिच्यात शिरले आणि मुक्कामाला राहिले. त्यांची किंमत आपण पुढे दोन शतके मोजली. पण दोष टाकताना गुणही टाकला गेला, हे कबूल करावे लागते.

१८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. त्यांच्यासमोर नमुना होता लंडन विद्यापीठाचा. विद्यापीठाने स्वतः शिकवावयाचे नाही. परीक्षा घ्यावयाची आणि पदवी द्यावयाची. शिकवणे हे संलग्न महाविद्यालयांकडे. या व्यवस्थेने या देशाला न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखी माणसे दिली, हे विसरून चालणार नाही. परंतु जी व्यवस्था परीक्षेभोवती फिरते तिच्यात विद्यार्थी हळूहळू एकटा पडतो. परीक्षेच्या दालनात तो एकट्याच्या बाकावर बसतो. म्हणून तयारीही एकट्यानेच करावयाची असते, असे त्याच्या व त्याच्या वडिलांच्या मनात ठसते. छापील टिपणे आणि मार्गदर्शक पुस्तके आली आणि सोबत्याची उरलीसुरली गरजही संपल्यासारखी वाटली.

सर सय्यद अहमद खान यांना ही उणीव दिसली होती. १८६९-७० मध्ये ते इंग्लंडमध्ये राहिले आणि केंब्रिज पाहून आले. तेथील विद्यार्थी एका आवारात राहतात, एकत्र जेवतात, वाद करतात आणि त्यातून घडतात, ही गोष्ट त्यांच्या मनात भरली. अलीगढ येथे १८७५ मध्ये त्यांनी शाळा सुरू केली आणि १८७७ मध्ये तिच्या महाविद्यालयाची कोनशिला बसली, तेव्हा वसतिगृह हा त्या योजनेचा कणा होता. १८८४ मध्ये तेथे वादविवादासाठी सिडन्स युनियन क्लब निघाला. अलीगढच्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतात. पण विद्यार्थ्याला विद्यार्थ्याची सोबत हवी, हे सर सय्यद यांनी अचूक हेरले होते.

आपल्या महाराष्ट्रात हेच काम वसतिगृहांच्या चळवळीने केले. कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी करण्यास आरंभ केला. १९०६ मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. खेड्यापाड्यांतील मुसलमान मुलांना कोल्हापुरात राहून शिकण्याची वाट तेथून मोकळी झाली. पुढे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले आणि त्यात सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीला बसविली. या वसतिगृहांकडे आपण आजवर गरिबांच्या राहण्याजेवण्याची सोय म्हणून पाहिले. ते खरेच आहे. पण ज्या मुलाच्या घरी अक्षर ओळखणारे कोणी नव्हते, त्याला एका खोलीत चार अभ्यास करणारी मुले भेटली, हा लाभ भाकरीपेक्षा लहान नव्हता.

आता आपल्याला एकदम सातासमुद्रापलीकडे जावे लागणार आहे. कारण अभ्यास एकट्याने करावा की सोबतीने, या प्रश्नाची कसून तपासणी झाली ती अमेरिकेत. आणि ज्या मुलांच्या बाबतीत ती झाली, त्यांची गोष्ट आपल्या मुलांच्या गोष्टीशी विलक्षण जुळते.

कॅलिफोर्नियातील बर्कले येथील विद्यापीठ जगातील अग्रगण्य विद्यापीठांपैकी एक. १९७० नंतरच्या दशकात तेथे यूरी ट्राइझमन नावाचे एक तरुण गणिती संशोधन करीत होते. त्यांच्या ध्यानात आले की, पहिल्या वर्षाच्या कलनशास्त्रात, म्हणजे कॅल्क्युलसमध्ये, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची अक्षरशः दाणादाण उडते. त्यांच्यापैकी सुमारे ६० टक्के विद्यार्थी अगदी तळाच्या श्रेणीत, ‘डी’ किंवा ‘एफ’मध्ये जात. याउलट चिनी वंशाचे विद्यार्थी त्याच वर्गात चमकत. ट्राइझमन यांनी प्राध्यापकांना कारण विचारले. उत्तरे चार आली : या मुलांना शिकण्याची तळमळ नाही, शाळेतील तयारी कच्ची, घरच्यांचे पाठबळ नाही, आणि गरिबी. वाचकहो, या लेखाच्या आरंभी वडील, शिक्षक आणि शेजारी काय म्हणाले ते आठवा. तेच शब्द, फक्त इंग्रजीत.

ट्राइझमन यांनी ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवला नाही. वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी निवडून त्यांनी सुमारे दीड वर्ष त्यांचा अभ्यास कसा चालतो ते जवळून पाहिले. तेव्हा चारही कारणे लंगडी निघाली. ही मुले आपापल्या शाळांतील हुशार मुले होती. कितीतरी घरांत मूल जन्मण्यापूर्वीच त्याला महाविद्यालयात घालायचे ठरले होते. मेहनतीतही ती कमी नव्हती. वर्गात एक तास, तर घरी दोन तास, हा नियम पाळून आठवड्याला आठ तास ती गणिताला देत. फरक होता तो निराळ्याच ठिकाणी. वीसपैकी अठरा विद्यार्थी वर्गातील कोणाही सोबत्याबरोबर कधीच अभ्यास करीत नसत. शाळेत असताना टवाळ मुलांपासून दूर राहून, एकट्याने अभ्यास करूनच ती वर आली होती. जी सवय शाळेत तारक ठरली तीच विद्यापीठात मारक ठरली. आपण चुकतो आहोत की प्रश्नच अवघड आहे, हे कळण्यास त्यांच्याजवळ साधन नव्हते. एखादे उदाहरण सुटले नाही की दोष स्वतःच्या बुद्धीलाच दिला जाई.

चिनी मुले आठवड्याला सुमारे चौदा तास देत. त्यातील आठ ते दहा तास एकट्याने आणि उरलेले चारसहा तास मंडळी जमवून. संध्याकाळी एकत्र जेवण व्हावे, मग एकमेकांची उत्तरे तपासावीत, इंग्रजीच्या चुका काढाव्यात, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवाव्यात. कोणाचा थोरला चुलतभाऊ येऊन प्रश्न विचारून जाई. सर्वांनाच एखादे उदाहरण सुटले नाही तर ते खरोखरच अवघड आहे हे उमगे आणि लाज न बाळगता प्राध्यापकांना विचारता येई. आपण वर्गात नेमके कोठे आहोत, याचा प्रत्येकाला पक्का अंदाज असे. हा थोरला चुलतभाऊ म्हणजे आपल्या मुस्तन्सिरियातील मुईदच नव्हे काय?

१९७८ च्या सुमारास ट्राइझमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिताची कार्यशाळा सुरू केली. तिचे मर्म असे की, ‘कच्च्या मुलांचा जादा वर्ग’ असे तिचे स्वरूप त्यांनी मुद्दाम ठेवले नाही. कच्चेपणाचा शिक्का लागलेल्या वर्गात स्वाभिमानी मुलगा पाय ठेवत नाही. येथे उलट होते. गणितात पुढे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी खास कार्यशाळा म्हणून बोलावणे गेले. वर्गातल्यापेक्षा अवघड उदाहरणे दिली गेली. पाचसात जणांच्या टोळ्या करून ती सोडवावयास सांगितले गेले. शिकवणारा फिरत राही, पण उत्तर सांगत नसे. कार्यशाळेत बसलेल्या कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकी विद्यार्थ्यांनी बाहेरच्या आपल्या बांधवांनाच नव्हे, तर गोऱ्या व आशियाई वर्गबंधूंनाही मागे टाकले. आपखुशीने आलेली मुले मुळातच जिद्दीची असणार, असा आक्षेप यावर घेतला गेला आणि तो अगदीच पोकळ नाही. तरी पुढे इतर अनेक विद्यापीठांनी ही रीत उचलली, त्यात टेक्सास विद्यापीठही होते.

असे का घडते, याचा उलगडा नंतरच्या प्रयोगांनी थोडाफार केला आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कारपिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग पालकांनी अवश्य समजून घ्यावा. एका गटाने एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदा वाचला आणि मग पुस्तक मिटून, आठवेल तेवढा तीन वेळा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. त्यांना ८३ टक्के मजकूर आठवला, तर दुसऱ्यांना ७१. आठवड्याने विचारले तेव्हा पारडे पार फिरले. चार वेळा वाचणाऱ्यांजवळ ४० टक्के उरला होता, आणि पुस्तक मिटून आठवणाऱ्यांजवळ ६१ टक्के. प्रयोगाआधी नव्हे, वाचून झाल्यावर विद्यार्थ्यांना अंदाज विचारला, तर आपल्याला अधिक आठवेल असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता! पान ओळखीचे वाटू लागले की विषय आला, असा भ्रम होतो. सोबत्याला सांगावयास बसले की हा भ्रम पाच मिनिटांत फुटतो.

हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझूर यांनाही हेच दिसले. सूत्रे घालून गणिते सोडवणारी त्यांची मुले बलाविषयीच्या अगदी साध्या प्रश्नांवर अडखळत. १९९१ पासून त्यांनी व्याख्यान मधेच थांबवून प्रश्न टाकण्यास आणि शेजारी बसलेल्यांना एकमेकांस पटवून देण्यास सांगितले. नुकतेच ज्याला कळले आहे, त्याला आपण कोठे अडलो होतो हे ताजे आठवत असते. प्राध्यापक ते केव्हाच विसरलेला असतो, असे ते सांगतात. मुईद हा उस्तादाहून धाकटा का असे, याचे कारण यात सापडते.

आता पालकांच्या मनात आलेली शंका मला दिसते आहे. चार पोरे एकत्र बसली की गप्पा, चहा आणि टवाळकी, अभ्यास कसला? शंका रास्त आहे. म्हणूनच त्या चिनी मुलांचे आठ-दहा तास एकट्याचे होते, हे विसरू नये. स्वतः झुंजून न आलेला मुलगा मंडळीत नुसता उतरवून घेणारा होतो. भ्रमणध्वनीवरील गटात एकाने टिपणाचे छायाचित्र टाकावे आणि चाळीस जणांनी ते साठवून ठेवावे, याला तकरार म्हणता येणार नाही, कारण त्यात कोणाच्याच तोंडून सबक जात नाही. आणि सोबती निवडताना जरनूजींची अट पाळावी. दुसऱ्याच्या चुकीला हसणारा एक जण बैठकीत असला की बाकीचे तोंड उघडत नाहीत.

मुलींचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मुलगा संध्याकाळी मित्राच्या घरी जाऊन बसतो. मुलीला दिवेलागणीच्या आत घरी यावे लागते आणि आल्यावर स्वयंपाकघर वाट पाहत असते. बर्कलेच्या त्या अठरा मुलांसारखी ती एकटी पडते, पण तिने निवडले म्हणून नव्हे. तिच्यासाठी दिवसातलीच वेळ शोधावी लागेल. दोन तासांच्या मधली मोकळी वेळ, महाविद्यालयातील रिकामा वर्ग किंवा मोहल्ल्यातील संस्थेची खोली, एक फळा, आठवड्यातून दोन दिवस. शक्य तर तेच महाविद्यालय दोन वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेली एखादी मुलगी मुईद म्हणून नेमावी आणि तिला थोडे का होईना, मानधन द्यावे. शिष्यवृत्तीचा निधी जमविणाऱ्या आपल्या संस्थांनी त्यातील एक लहानसा हिस्सा या कामासाठी बाजूला काढला, तर पुढच्या जूनमध्येच, पहिल्या वर्षाच्या गणिताच्या मुलींपासून आरंभ करता येईल.